प्रति: पेपरातला माणूस एकटा काय करणार?

काका, तुम्ही वर म्हणालात की युद्धाचं वारं सुटलं की पेपरातला माणूस एकटा काय करणार, घर चालवायचं असतं. पटतं, पण अर्धंच. जपानचे ताकेजी मुनो बघा, ‘असाही शिंबुन’ या पेपरचे वार्ताहर, युद्धाच्या बातम्या देत होते आणि 15 ऑगस्ट 1945 ला, म्हणजे देश हरला त्याच दिवशी नोकरी सोडली, का तर आपण लोकांना खरं सांगितलं नाही. मग 1948 ला अकिता प्रांतातल्या योकोते गावी स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि तीस वर्षं चालवलं. मला सगळ्यात लागतं ते त्यांचं हे सांगणं, की सेन्सॉरपेक्षा वाईट होतं ते ऑफिसातल्यांनी भीतीपोटी आधीच हात आखडून लिहिणं.

आणि कोणी बोललंच नाही असं पण नाही. जपानचेच पत्रकार युयु किर्यू, त्यांनी 1933 लाच नागानोच्या पेपरात लिहिलं होतं की शत्रूची विमानं टोकियोवर पोचली म्हणजे आपण हरलोच, लाकडी घरं पेटतील, मग हे हवाई हल्ल्यापासून बचावाचे सराव कशाला. माजी सैनिकांनी बहिष्काराची धमकी दिली, किर्यूंना पेपर सोडावा लागला. मार्च 1945 ला टोकियो तसंच जळालं.

आपल्या इंदूरला तर महूची लष्करी छावणी शेजारीच, ओळखीत कुणी ना कुणी फौजेत असतंच, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे आणि म्हणूनच टीव्हीवर अँकर ओरडून युद्ध मागतो तेव्हा संताप येतो, लढायला जाणार तर या फौजेतल्यांची मुलं ना! तुमच्या ओळखीत इथले जुने पेपरवाले आहेत, त्यांना विचारा ना, 1971 च्या युद्धाच्या वेळी डेस्कवर काय कापलं जायचं आणि कोण कापायचं, इथे लिहा प्लीज.