मिस्टरांची सुट्टी 9 दिवसांत संपतेय, डॉक्टरकडे यायला तयार नाहीत, मदत हवी आहे

सूनबाई_कोरेगाव
कोणी फौजीच्या घरातलं असेल तर प्लीज लवकर सांगा. मिस्टर 60 दिवसांच्या सुट्टीवर आलेत, आता 9 राहिले. आल्यापासूनच गप्प गप्प होते पण आता तर माणूस माणसात नाही. सुट्टीतसुद्धा पहाटे 5 ला उठून दाढी करणारा माणूस, गालावरून उलटा हात फिरवून बघायचे कुठं राहिली का, त्यांनी 11 दिवस दाढीला हात लावलेला नाही. न्हाणीच्या कोनाड्यात ब्रश वाळून काडीसारखा झालाय. रात्री दोन-अडीचला उठून ओट्यावर जाऊन बसतात. मुलगी जवळ गेली तर "जा आईकडे" एवढंच. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे कागदावर अनफिटचा शेरा आला, तर घराचे हप्ते तू भरणार का. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, अमावस्येला घेऊन जाऊ. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. साताऱ्यात प्रायव्हेटमध्ये दाखवलं तर युनिटला कळतं का? आणि त्यांना न सांगता जेवणातून गोळी देता येते का?

रिटायर्ड_सुभेदार
जय हिंद ताई. अर्धीच माहिती दिलीत. रँक काय, सर्व्हिस किती, सध्या फील्डला (सीमेवर वगैरे) का पीसला (छावणीत)? सुट्टीत आजारी पडलेल्या जवानाला जवळच्या एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, रिपोर्ट करता येतं, त्यात चोरी कसली. तुम्हाला पुण्यात खडकीचं एमएच आहे, वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे. प्रायव्हेटच्या नादी लागू नका.

मेघा_नर्स
जेवणातून गोळी अजिबात नको. उद्या त्यांना कळलं तर तुमच्या हातचं पाणी पिणार नाहीत, आणि कुठली गोळी किती द्यायची हे माणूस तपासल्याशिवाय कोण ठरवणार? मला सांगा, पितात का? रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येते, ते प्रकरण वेगळं. आणि आधीपासून काही गोळ्या चालू होत्या का?

शांतीदूत_नाशिक
ताई इगतपुरीला विपश्यनेचं 10 दिवसांचं शिबिर करायला लावा, फी नाही, राहणं जेवण तिथंच. मी 3 वेळा केलंय, माझी झोप, बीपी, चिडचिड सगळं जाग्यावर आलं. गोळ्यांनी माणूस नुसता गुंगीत राहतो, माझ्या मेव्हण्याचं तेच झालं.

सूनबाई_कोरेगाव
दादा 9 दिवस राहिलेत म्हणतेय, 10 दिवसांचं शिबिर कुठून करू?

मेघा_नर्स
@शांतीदूत, त्यांच्या फॉर्मवरच मानसिक आजार आहे का हे विचारतात. गंभीर त्रास असणाऱ्याला 10 दिवस मौनात बसवणं बरोबर नाही, ते लोक स्वतःच हे सांगतात.

शांतीदूत_नाशिक
तुम्ही हॉस्पिटलवाले तुमचंच खरं करणार. मी अनुभव सांगितला.

सूनबाई_कोरेगाव
स्वयंपाक चालू होता म्हणून उशीर झाला. नाईक आहेत, काश्मीरला फील्डला. जानेवारीत 14 वर्षं झाली, पेन्शनला वर्षसुद्धा राहिलं नाही, त्यांचा सगळा जीव त्यात अडकलाय. दारू नाही, कोट्यातली बाटली आणली ती तशीच सीलबंद आहे. मेघाताई तुम्ही विचारलं म्हणून आज त्यांची बॅग बघितली. एस्सिटॅलोप्राम 10, म्हणजे डिप्रेशनच्या गोळीच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या, मोज्यात गुंडाळून ठेवलेल्या. जम्मूच्या प्रायव्हेट डॉक्टरची चिठ्ठी आहे, मागच्या सुट्टीवरून जातानाची. मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटची पट्टी संपून दोन-अडीच आठवडे झाले असतील.

वकील_सल्ला
हिंदू विवाह कायदा कलम 13 नुसार जोडीदाराचा गंभीर मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. शिवाय पत्नीने आर्मीकडे अर्ज केल्यास आर्मी अ‍ॅक्टखाली पगारातून मेंटेनन्स कापून मिळतो. कागदपत्रं आत्तापासून जमवा.

सूनबाई_कोरेगाव
मला घटस्फोट नकोय हो. कोणी विचारलं तुम्हाला? मला माझा माणूस हवाय.

फौजीची_बायको_नगर
ताई मी तुमच्या जाग्यावर होते. 2019 ला आमच्या ह्यांना एस थ्री कॅटेगरी लागली होती, टेम्पररी, 24 आठवड्यांची. एस म्हणजे मनाचं, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त, एस वन म्हणजे फिट. तेवढ्यात हत्याराची ड्यूटी नाही, उंचावर पाठवायचं नाही, स्टोअरला बसवलं. मग रिव्ह्यू, परत 24 आठवडे, मग एस टू, आणि दीड वर्षात एस वन होऊन कॅटेगरी निघाली. पुढे पेन्शन घेऊनच आले. पहिला महिना मीपण कोणाला सांगितलं नव्हतं, शेजारणीला सांगायचे ह्यांना टायफॉइड झालाय. त्या महिन्यात आमचं जे बिनसलं ते भरून यायला लय दिवस गेले.

रिटायर्ड_सुभेदार
ताई बरोबर बोलताय पण सगळं सांगा, प्रमोशनला फटका बसतो. नाईकचा हवालदार व्हायचा असेल तर कॅटेगरी आडवी येते.

फौजीची_बायको_नगर
फटका बसतो, नाही कुठं म्हणतेय. आमचं प्रमोशन मागं राहिलंच. पण घरात माणूस आहे.

माजी_सैनिक_सांगली
पेन्शनचं भ्या घालून घेऊ नका. मेडिकल बोर्डाने बाहेर काढलं तरी 10 वर्षांच्या वर सर्व्हिस असेल तर इनव्हॅलिड पेन्शन मिळते, यांची तर 14 आहे. डिसॅबिलिटी पेन्शन मिळणार का नाही ते वेगळं. भरतीला फिट होता आणि आजार नोकरीत सुरू झाला तर तो नोकरीमुळेच धरायचा का यावर सुप्रीम कोर्टाची 2013 ची धरमवीर सिंगची केस वाचा. माझं स्वतःचं डिसॅबिलिटीचं प्रकरण चार वर्षं अडकलंय, कोणाला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा (फौजींच्या कोर्टाचा) अनुभव असेल तर सांगा.

मेघा_नर्स
पेन्शन नंतर बघू. सूनबाई, सरळ विचारते, राग मानू नका. मरणाबद्दल, आपण नसण्याबद्दल काही बोललेत का?

सूनबाई_कोरेगाव
परवा रात्री ओट्यावर बोलले, मी नसलो तरी पेन्शनवर तुझं आणि पोरीचं भागेल. मला वाटलं असंच बोलतायत. आणि काल मोटारसायकलचे कागद दिराच्या नावावर करायचं म्हणत होते. हे आधी लिहायला पाहिजे होतं का?

मेघा_नर्स
हो, पण आता लिहिलंत ते महत्त्वाचं. असंच बोलत नसतात. आज रात्री त्यांना एकटं सोडू नका, दिरांना ओट्यावर झोपायला बोलवा. फवारणीची औषधं आत्ता घराबाहेर काढा, गोठ्यात वगैरे नको, दुसऱ्याच्या घरी. 14416 लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक त्रासाची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. फौजींसाठी त्यांचा वेगळा सेल 1 डिसेंबर 2023 पासून पुण्यात एएफएमसीला (फौजेच्या मेडिकल कॉलेजला) आहे. रात्रीत काही वेगळं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, 112 किंवा सरळ सिव्हिलची कॅज्युअल्टी. आणि त्यांना तोंडावर विचारा, जीव द्यायचं मनात येतंय का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलतो.

रिटायर्ड_सुभेदार
मेघाताईंचं ऐका. मी सुरुवातीला रँक विचारत बसलो, हे विचारायला पाहिजे होतं.

सूनबाई_कोरेगाव
औषधाचे डबे चुलत दिरांकडे नेऊन ठेवले. 14416 लावला, बाई शांतपणे बोलल्या, त्यांनी पण आजच्या आज सोबत रहायला आणि लवकर दाखवायला सांगितलं. मग मी पट्ट्या ह्यांच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं. आधी म्हणाले बॅगेला हात कशाला लावला. नंतर लय वेळाने म्हणाले हो, येतं मनात. रडले. 12 वर्षांत पहिल्यांदा बघितलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी अमावस्येचं नाव काढलं नाही. सकाळी साडेपाचच्या गाडीने पुण्याला निघतोय, दीर बरोबर आहेत. आयकार्ड, लीव्ह सर्टिफिकेट घेतलंय. अजून काय लागतं?

रिटायर्ड_सुभेदार
जम्मूची चिठ्ठी आणि त्या रिकाम्या पट्ट्या घ्या, लपवू नका. एमआय रूममध्ये (पहिल्या तपासणीच्या खोलीत) थांबवलं तर रात्री काय बोलले ते तुम्ही स्वतः डॉक्टरला सांगा, ते सांगणार नाहीत. नंतर डॉक्टर युनिटकडून एएफएमएसएफ-10 मागवतील, तो जवानाच्या वागणुकीबद्दल युनिटने द्यायचा नेहमीचा रिपोर्ट आहे, त्याला घाबरू नका. सुट्टी संपायची काळजी आता हॉस्पिटल आणि युनिट बघेल. युनिटला फोन मात्र आजच करा, सीनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) साहेबांना, जमलं तर त्यांच्याच तोंडून. खडकीला पोचलात की इथे लिहा.

फौजीची_बायको_नगर
दोन दिवसांचे कपडे तुमचेपण घ्या, भरती करून घेतलं तर थांबावं लागेल. मुलीला कोणाकडे ठेवताय?

सूनबाई_कोरेगाव
आईकडे. ती विचारतेय पप्पा परत ड्यूटीला चालले का.