मदत हवी आहे: आपल्याकडच्या मुलांच्या चेहऱ्याच्या मापांचे तक्ते

नमस्कार मंडळी,

मी एका जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात काम करते. इथे कोणी बालरोगतज्ज्ञ, जनुकीय समुपदेशक, ऑर्थोडोंटिस्ट किंवा मानवशास्त्रातले असतील तर कृपया वाचा.

उंची कमी, हृदयाची फुप्फुसाकडची झडप अरुंद आणि दोन डोळ्यांत अंतर जास्त, असं मूल समोर आलं की नूनन सिंड्रोमची (जनुकातल्या बदलामुळे होणारी जन्मजात स्थिती) शंका येते. झडपेचं इकोत दिसतं. उंचीसाठी पाच वर्षांपुढे भारतीय बालरोग संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. डोक्याच्या घेराचीही सोय आहे: जागतिक आरोग्य संघटनेने तक्त्यांसाठी ज्या सहा देशांतली मुलं मोजली, त्यांत दिल्लीची मुलं होती. अडतं ते डोळ्यांपाशी. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्या वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणारं एकक) जास्त असेल तर हायपरटेलोरिझम म्हणायचं, ही व्याख्या पाठ आहे. पण सरासरी कुठल्या मुलांची? आमच्या हाताशी असलेले तक्ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांवरून काढलेले आहेत.

आणि मोजायचं कसं तेही बघा. मूल आईच्या मांडीवर, डोकं तिने धरलेलं, मी पारदर्शक पट्टी नाकाच्या मुळाशी धरलेली. रडणाऱ्या मुलाच्या बाहुल्या एका जागी राहत नाहीत, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या कोपऱ्यांमधली अंतरं घेते. त्यात नाकाचं मूळ बसकं आणि आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी, म्हणजे डोळे आहेत त्याहून लांब वाटतात. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की मूल तक्त्यातल्या एका रेघेवरून दुसरीवर जातं.

टोरंटोच्या लेस्ली फारकस यांनी 2005 साली वेगवेगळ्या वंशांच्या 1470 लोकांची मापं प्रसिद्ध केली, पण ते सगळे 18 ते 30 वयाचे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती कशी लावणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेने 2016 पासून नाना देशांतल्या रुग्णांचे फोटो एकत्र आणलेत. ते नजर तयार करायला फार उपयोगी पडतात, मी निवासी डॉक्टरांना आवर्जून दाखवते.

फोटोवरून सिंड्रोम सुचवणारं ॲप वापरा, असं काहींनी सुचवलं. पण 2017 च्या एका अभ्यासात अशाच ॲपने डाउन सिंड्रोम बेल्जियमच्या मुलांत 80 टक्के ओळखला आणि काँगोच्या मुलांत जेमतेम 37 टक्के. काँगोतले फोटो शिकवल्यावर तिथलं प्रमाण 90 च्या वर गेलं. डाउनसारख्या ठळक चेहऱ्याची ही गत, तर नूननचं काय!

इथे प्रश्न माणसांच्या पैशाचा आणि जिवाच्या घोराचा आहे. जनुक तपासणी महाग, पालक तालुक्याहून एसटीने येणारे, बरेचदा रोजंदारी बुडवून. उगाच शंका घेतली तर उसनवारी करून तपासणी होते. शंकाच घेतली नाही तर "आईवर गेलंय" म्हणून मूल परत जातं आणि हृदयाची पुढची तपासणी राहून जाते.

तर, भारतातल्या, शक्यतो महाराष्ट्रातल्या सहा महिने ते सहा वर्षांच्या निरोगी मुलांची डोळ्यांच्या अंतरांची, डोळ्यांच्या फटीच्या लांबीची, नाक आणि वरच्या ओठामधल्या पन्हळीची मापं कोणी घेतली आहेत का? आईवडिलांचीही मापं घेऊन मूल त्यांच्यापेक्षा किती वेगळं आहे हे बघणारे कोणी आहेत का? मला हा मार्ग पटतो, पण आईवडिलांपैकी एकालाच तो सिंड्रोम सौम्य रूपात असेल तर फसगत होईल, आणि नूननमध्ये ते अजिबात दुर्मीळ नाही.

नाहीच मिळालं तर लसीकरणाला येणाऱ्या मुलांची मापं आम्ही स्वतः घ्यायच्या विचारात आहोत, नैतिकता समितीची परवानगी काढून. दर वयोगटात मुलगे आणि मुली वेगळे धरून किती घ्यावेत? पट्टी चालेल की कॅलिपर हवा? एकाच मुलाला दोघांनी मोजून फरक बघावा का?

एखाद्या एमडीच्या प्रबंधात असं काम झालं असेल तर विद्यापीठ आणि वर्ष कळवलं तरी पुरे, ग्रंथालयातून मी मिळवीन. मुलांचे फोटो किंवा नावं मात्र इथे कृपया टाकू नका.