मार्बल कटर उलटा बसवून लाकूड चिरतात. पडवीचं काम थांबवलंय, आधी काय आणू?

पडवी_रामबाग (इंदूर)

नमस्कार. रामबागेत आमचं आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. मागची पडवी वाळवीनं गेली, म्हणून नव्यानं उभी करतोय. २२ फूट लांब, ११ फूट रुंद, सहा खांब, वर तुळया, वासे, रिपा आणि पुन्हा तीच कौलं. लाकूड बरंचसं घरातलंच जुनं सागाचं आहे, कमी पडलं तेवढं नवीन घेतलं.

मिस्त्री फार कसबी आहेत. खांब नुसता बघून कुठे किती कललाय ते सांगतात, मागून ओळंबा लावला की तेवढंच निघतं. पण त्यांचं चिरायचं टेबल बघून माझ्या पोटात गोळा येतो. फळीला खाच पाडून खालून चार इंची मार्बल कटर उलटा आवळलाय आणि त्याला लाकडाचं दातेरी पातं. बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबलेलं. तार सॉकेटात खुपसली की सुरू, उपसली की बंद. तारेला पिनही नाही, उघडी टोकं काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेली. पायात चपला, गळ्यात गमछा.

परवा त्यांचा भाचा, वय १९, जुना वासा चिरत होता. लाकडात मोडका खिळा होता. पातं त्यावर आदळलं आणि कण उडून त्याच्या डोळ्यात गेला. दिवसभर तो डोळा चोळत राहिला, कुणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बुबुळावर लोखंडाचा कण रुतला होता. निघाला, नजर वाचली. त्याच्या आईला फोन लावला तेव्हा मला धड वाक्य सुचेना.

काम बंद ठेवलंय, बसल्या दिवसांचे पैसे दोघांना देतेय. पावसाच्या आधी छप्पर हवं. मिस्त्री म्हणतात, "मैडम, तीस साल हो गए, कुछ नहीं होता." सियागंजात गेले तर दुकानदारानं हेल्मेट, हातमोजे, चमकणारं जॅकेट असा गठ्ठा पुढे केला. यातलं खरंच काय लागतं? आणि माझ्यापेक्षा वयानं मोठ्या कारागिराला हे सांगू कसं?

जुना_रंधा (ग्वाल्हेर)

ताई, मी ३१ वर्षं सुतारकामाच्या कार्यशाळेत मुलांना शिकवलं. तो गठ्ठा आत्ता राहू दे, आधी ते टेबल मोडा.

मार्बल कटर दगडासाठी असतो. मिनिटाला १२-१३ हजार फेरे. चार इंची पात्याचा दात त्या वेगात ताशी २५० किलोमीटरच्या आसपास पळतो. लाकडाच्या पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेलं असतं, ते वाचा. बहुतेक वेळा मिस्त्रींनीही वाचलेलं नसतं. त्यातून उलटा बसवला की पातं झाकणारी जाळी गेली, बटण गेलं, आणि पात्यामागे उभी पट्टी तर नव्हतीच. ही पट्टी म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. लाकूड चिरताना त्यातला ताण सुटतो आणि चीर मागून मिटायला लागते. पात्याचे मागचे दात वर येत असतात. ते चिमटले गेले की अख्खा वासा उचलून माणसाच्या पोटावर फेकतात. पात्यामागची पट्टी चीर उघडी ठेवते, एवढंच तिचं काम. पट्टी असलेलं टेबल भाड्यानं मिळालं तर उत्तम. नाहीतर सात इंची हाताची गोल करवत घ्या, सुमारे पाच हजार फेऱ्यांची, खालची जाळी आपोआप मिटणारी. ती जाळी खिळा ठोकून अडकवून ठेवायची सवय असते, तेवढं बघा. लांब चिरेत लाकडाची पाचर सारत जायचं, आणि उभं राहायचं पात्याच्या रेषेत नाही, बाजूला.

आता हातमोजे. फिरत्या पात्याजवळ आणि ड्रिलजवळ हातमोजे घालायचेच नाहीत. १९९४ साली मी मुलांसमोर मोजा घालून फळी ढकलली. दातानं मोजा पकडला आणि मोज्यानं बोट नेलं. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही मला. दर वर्षी पहिल्या दिवशी तेच बोट दाखवून शिकवायला सुरुवात करायचो. मोजे तुळई उचलताना घाला. गमछा, मनगटाचा नाडा, कडं, अंगठी हे सगळं करवतीआधी उतरवायचं.

जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवा. स्पीकरमधलं मोठं चुंबक चालतं. जिथं ओढेल तिथं खडूनं खूण, खिळा निघेपर्यंत पातं लावायचं नाही. लाकडावर जुना तेली रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

विकत घ्यायच्या वस्तूंत पहिला चष्मा, बाजूनं बंद असलेला. नंतर मुखपट्टी. गमछा बांधून भुसा अडतो, पण बारीक धूळ अडत नाही, आणि लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पक्क्या कर्करोगकारकांच्या यादीत घातलंय. सागासारख्या टणक लाकडाच्या धुळीनं नाकाच्या आतला कर्करोग होतो. आय एस ९४७३ (आय एस म्हणजे भारतीय मानक) लिहिलेली एफएफपी२ मुखपट्टी घ्या. कानाला बोळे हवेतच, गोल करवत १०० डेसिबलच्या आसपास ओरडते. बूट पुढे बोटांवर टणक टोपी असलेले, आय एस १५२९८.

पटाशी चालवताना आपले कारागीर लाकूड तळपायानं धरतात, ते मला कधीच बघवलं नाही. एक ठेंगणं बाक आणि दोन सी-क्लॅम्प आणून द्या. धार रोज लावू द्या, बोथट पटाशी जोर मागते आणि जोर लावला की ती सटकते.

सांगाड्याचं वेगळं. १२ फुटांची चार बाय सहा इंची सागाची तुळई ३६-३७ किलो भरते. ती शिडीवर एकट्यानं खांद्यावर घ्यायची नाही. जेवढं जमिनीवर जोडता येईल तेवढं जमिनीवरच जोडा. आणि पहिली चौकट उभी केली की तिला दोन्ही अंगांनी तिरके टेके ठोकल्याशिवाय हात सोडायचा नाही. दुसरी चौकट येऊन आडवी जोडली जाईपर्यंत ती पत्त्यासारखी असते. मला सगळ्यात भीती याच अर्ध्या तासाची वाटते. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाएवढा पुढे, आणि वरच्या कडेपेक्षा शिडी तीन फूट जास्त. कमरेच्या पट्ट्यापेक्षा पूर्ण अंगाचा पट्टा घ्या, आय एस ३५२१, पण तो नव्या सांगाड्याला बांधू नका, घराच्या पक्क्या भागाला बांधा. कौलांवर पाय देणं नाही.

आणि भुशात विडी नको. तुमच्या राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडी आहेत, १९८४ च्या आगीत काय झालं ते इंदूरकरांना मी सांगायला नको. दोन बादल्या पाणी भरून ठेवा.

अपघात_कक्ष (इंदूर)

मी परिचारिका आहे. काकांनी सांगितलेलं सगळं घडावं, पण तरी हे भिंतीवर लिहून लावा. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, चिमटीनं काढायचं नाही, डोळ्यावर दाब न देता वाटीसारखं काहीतरी झाकून डॉक्टरांकडे. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. लोक बोट थेट बर्फात घालून आणतात, त्यानं ते जोडण्याजोगं राहत नाही. फार वाईट वाटतं तेव्हा. दोघांचं धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं तेही विचारा.

सुताराचा_मुलगा (बडोदे)

ताई, काम ठेक्यानं दिलंय की रोजीनं? ठेक्यानं असेल तर बदला. माझे वडील ठेक्याच्या कामावर जाळी काढायचे, रोजीच्या कामावर कधी नाही. जाळीमुळे काम हळू होतं, आणि ठेक्यात हळू म्हणजे घाटा.

भाच्यासमोर मिस्त्रींना बोलू नका. चहाच्या वेळी एकटे असताना बोला, आणि "तुमचं चुकतं" असं नको, "पोराला तुम्हीच शिकवा" असं म्हणा. चष्मा त्यांना स्वतः निवडू द्या. घामानं काच धुरकटली की तो कपाळावर चढतो आणि तिथंच राहतो, म्हणून हवेची भोकं असलेला घ्या. आणि सामानाचे पैसे मजुरीत धरू नका.

पडवी_रामबाग (इंदूर)

काका, ताई, दादा, नऊ दिवसांनी लिहितेय.

काम ठेक्यानंच होतं, रोजीवर आणलं. मिस्त्रींना सोबत घेऊन सियागंजात गेले. चष्मा त्यांनी चार दुकानं फिरून निवडला, प्रत्येक घालून जोरात श्वास सोडून बघत होते. सात इंची करवत घेतली. वायरमन बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आणि पिनवाला बोर्ड बसवला. ते टेबल मी मोडायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आले तर फळी नुसती उभी होती, कटर काढून त्यांनी पिशवीत ठेवला होता. भाच्याशी काय बोलले मला माहीत नाही.

काल दोन चौकटी उभ्या राहिल्या. पहिलीला टेके ठोकून होईपर्यंत चौघं धरून होते, मीही दोर धरला होता. अंगाचा पट्टा मिस्त्रींना अजून नको वाटतो, वासे चढवायच्या आधी पुन्हा बोलणार आहे, तोवर वर कुणी जाणार नाही.

पोराचा डोळा डॉक्टरांनी परत तपासला, डाग राहिलेला नाही. करवतीजवळ तो अजून नाही. जुन्या लाकडावर चुंबक फिरवून खिळे काढायचं काम त्याच्याकडे आहे. लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतलीय, त्यात कालपर्यंत ४३ खिळे जमलेत.