खताच्या बादलीला वास येतोय?

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं बाल्कनीत बादलीत खत करताना वास येतो म्हणून काही जण हा प्रयोग सोडून देतात. सोडू नका हो! ओलावा जास्त आणि हवा कमी झाली की वास येतो. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं हवीतच. देठं-सालं बारीक चिरून टाका, प्रत्येक थरावर भरपूर वाळका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा आणि दोन-तीन दिवसांनी खालवर करा. मूठभर खत दाबल्यावर पाणी गळलं तर पाला वाढवा. कचरा कुजायला सुरुवात व्हावी म्हणून विरजणासारखं आंबट ताक चालतं. पांढऱ्या अळ्या दिसल्या तरी घाबरू नका, त्या कचरा खाऊन आपलंच काम करतात. तेलकट भाजी, उरलेली आमटी मात्र नको. ओला-सुका कचरा वेगळा करणं २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून बंधनकारक आहेच. मग ओला घराबाहेर जाऊच कशाला द्यायचा? साधारण दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. कढीपत्त्याला ते फार मानवतं.