मदत हवी आहे: ठिपक्यांचा गरुड प्रत्येक फोटोत काळाच का येतो?

लोकहो, सलग तीन रविवार पहाटे मुंबईतलं, ठाणे खाडीकाठचं भांडुप पंपिंग स्टेशन गाठतेय. हिवाळी पाहुणा ठिपक्यांचा गरुड दर खेपेला दिसतो, पण फोटो एकही धड नाही. कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप (लहान) सेन्सरची, लेन्स १५०-६०० मिमी (मैत्रिणीची, महिनाअखेर परत द्यायची आहे).

साडेसातला ऊन कोवळं असतं तेव्हा गरुड खाडीतल्या हाय टेन्शन टॉवरवर ढिम्म बसलेला. जमीन तापून हवा वर चढायला लागली, की नऊ-साडेनऊला महाराज पंख पसरतात आणि चार घिरट्यांत वर. तोवर ऊन पांढरंफटक, चिखलावरची हवा लहरतेय आणि वर आपलं मुंबईचं धुरकट आभाळ.

सेटिंग: अपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र मी ठरवते, बाकी कॅमेरा), एफ ६.३, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलताही कॅमेराच ठरवतो), शटर किमान १/१६०० सेकंद. पहिल्या रविवारी कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करतो ते) शून्य ठेवलं, निव्वळ काळी आकृती आली. भाचीने विचारलं, "मावशी, हा लोगो कुठल्या कंपनीचा?" दुसऱ्या खेपेस +२ केलं. आकाशासमोर पिसं दिसायला लागली म्हणून खूश झाले, तेवढ्यात ब्राह्मणी घार खारफुटीला लागून गेली. अंग विटकरी यायचं ते फिकट गुलाबी, डोकं म्हणजे नुसता पांढरा डाग. तिसऱ्यांदा शून्यावरच काढून घरी शॅडो (फोटोतले अंधारे भाग) उचलल्या, तर पंखाखाली रांगोळी सांडल्यासारखा दाणेदार नॉइज.

पार्श्वभूमी क्षणाक्षणाला बदलते तेव्हा एक्स्पोजर धरायचं कसं? की माझी जागाच चुकतेय? महागडी लेन्स घ्या हे सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

ताई, चोर तुमचा ऑटो आयएसओ आहे. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं, बदलतं ते मागचं दृश्य, आणि कॅमेरा मोजतो ते दृश्य. पांढऱ्या आकाशाला तो राखाडी करायला जातो, त्यात गरुड काळा पडतो. खारफुटी गडद, तिथे नेमकं उलटं.

पूर्ण मॅन्युअलवर या. १/२०००, एफ ६.३, आयएसओही हाताने. गरुड टॉवरवर बसलाय तोवर डोक्यावर साधी घार असतेच, तीही तपकिरीच. तिच्या पंखाखालचा रंग दिसेपर्यंत आयएसओ वाढवा आणि मग हात लावू नका. आकाश जळलं तर जळू दे. ब्राह्मणी आली की शटरचं चाक तीन टिचक्या पुढे, म्हणजे एक स्टॉप कमी, उजेड निम्मा. फाइल रॉच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा. अंधार घरी उचलण्यापेक्षा उजेड तिथेच द्यावा, नॉइज कमी येतो.

प्रतिसाद २

वरच्या दादांचं बरोबर, पण निम्मा घोळ दिशेचा आहे. भांडुप खाडीच्या पश्चिमेला. सकाळी खाडीकडे तोंड केलंत की ऐरोलीकडून उगवणारा सूर्य तुमच्या तोंडावर. सकाळीच जायचं तर पलीकडे ऐरोलीला जा, नाहीतर भांडुपलाच चारनंतर, सूर्य पाठीशी.

भरतीची वेळही पाहून घ्या. पाण्यावरून उजेड वर उसळतो आणि पंखाखालची काळोखी जरा कमी होते. घिरटी घालताना गरुड एका वळणावर सूर्याकडे कलतो. दोन फेऱ्या नुसत्या बघा, तिसऱ्या फेरीला तिथे बटण दाबा. लहरणाऱ्या हवेवर मात्र सेटिंग नाही. पक्षी लांब असेल तर कॅमेरा खाली ठेवून चहा प्या.

आणि हो, कुणी कोंबडीचे तुकडे टाकून घारी खाली बोलवत असेल, तर त्या घोळक्यात उभ्या राहू नका. फोटो मिळतो, पण पक्ष्याची खोड बिघडते.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही आभार. काल चार वाजता गेले. सव्वापाचपर्यंत फक्त घारी आणि बोरूच्या गवतावरून अगदी खालच्या उंचीने जाणारा एक दलदल भोवत्या (मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी); त्याच्यावरच हात बसवला. मग गरुड टॉवरवरून सुटला आणि माझ्या बाजूला कलला. सतरा फ्रेम, त्यातली एक अशी की डोळ्यात उन्हाचा ठिपका आहे आणि पंखावरचे पांढरे ठिपके मोजता येतात. म्हणजे हे अजून पिल्लूच, मोठ्यांचे ठिपके जवळजवळ जातात.

फक्त शेपटीवरून टॉवरची वायर आडवी गेली आहे. पुसावी की राहू द्यावी?