देवाची आज्ञा पाळली आणि सुटल्यासारखं वाटलं, असं कधी झालंय का?

ऐरोलीकरीण
परवा ठाण्यात जांभळी नाक्यावरून येत होते तर एका छोट्या दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलेलं, 'रविवारी बंद राहील'. तेही शाळा उघडायच्या तोंडावर, भर बाजारात! एकदम पप्पाच आठवले.

पप्पा टेलर. कळव्याला चाळीच्या तोंडाशी एक खोली, तेच दुकान. मे-जून म्हणजे युनिफॉर्मचा सीझन, वर्षाची निम्मी कमाई त्यातच. तरी रविवारी शटर खाली. शनिवारी रात्री गळ्यातली टेप काढून खिळ्याला टांगायचे, मग मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचे (मोह झालाच तरी पटकन बसता येऊ नये म्हणून, असं मम्मी म्हणायची), वरून मेणकापड. सकाळी उपासना, दुपारी मटण आणि झोप, संध्याकाळी आम्हाला घेऊन खाडीकडे फेरी. काजं-बटण करायला ठेवलेला पोरगा पण रविवारी घरी, त्याचा रोज कापायचे नाहीत. शेजारचा दुकानदार म्हणायचा, देव काय तुमचं भाडं भरणारे का. पप्पा म्हणायचे, सहा दिवस प्रत्येक गिऱ्हाईक माझा मालक असतं, सातव्या दिवशी खरा मालक मला सोडतो.

मला तेव्हा यात काही मोठं वाटायचं नाही, नवीन दप्तर मिळालं नाही याचाच राग असायचा. नोकरीला लागल्यावर कळलं. बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे ना, तिथे कारणच असं दिलंय की तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास हे आठव. आणि विसावा फक्त घरधन्याला नाही, दास, दासी, बैल, गाढव, परका, सगळ्यांना. दासाला सुट्टी नसते. म्हणजे ही आज्ञा नियमाआधी सुटकेची पावती आहे असं मला वाटतं. मी पण रविवारी लॅपटॉप उघडत नाही, मॅनेजरला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलंय. लोक म्हणतात किती बंधनं गं तुमच्यात. मला उलट माझ्या टीममध्ये सगळ्यात मोकळी मीच दिसते.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. उपदेश नको, झालेलं लिहा. आणि पतंग-दोरीचं उदाहरण (दोरीला बांधलाय म्हणूनच पतंग उडतो) देणाऱ्याला दंड, ते लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेपासून ऐकतोय सगळे.

खारेगावचा_पाहुणा
गेलं! मी पतंगच टाइप करत होतो 😂

सुजाता_सिस्टर
मस्त लिहिलंस गं. माझी मात्र रविवारी ड्युटी असतेच, आयसीयूला शब्बाथ नाही, प्रभूने पण शब्बाथ दिवशी माणसं बरी केली तेव्हा मी त्यात बसते असं समजते. माझी आज्ञा वेगळी, क्षमा करा वाली. नगरला आमचं वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन, भावाने परस्पर नावावर करून घेतली. बाबा गेले त्याच वर्षी. केस टाकली, तारखा चालू. नाईट ड्युटीला चार वाजता वॉर्ड शांत झाला की मी डोक्यात भावाशी भांडायची, माझे मुद्दे त्याचे मुद्दे मग परत माझे मुद्दे. सलाईन बदलताना पण भांडण चालू. प्रभूची प्रार्थना रोज म्हणायची आणि 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस' ही दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की आवाज बारीक. शेवटी पाळकीणबाई म्हणाल्या, वाटायची वाट बघू नको, आज्ञा आहे ना, मग वाटेल तेव्हा वाटेल, आधी फोन कर. केला. तो रडला वगैरे काही नाही, म्हणाला बरं आणि ठेवून दिला. जमीन अजून त्याच्याच नावावर आहे, माझा वाटा मी सोडलेला नाही, वकील बघतात ते. पण डोक्यातलं कोर्ट उठलं. भाऊ होता तिथेच आहे, सुटले मी.

जॉन_कोपरखैरणे
"डोक्यातलं कोर्ट उठलं" 👌👌

रेती_खडी_सिमेंट
साइट सुपरवायझर आहे, आधी घणसोलीला होतो. कंपनी सांगत नाही. रेतीची गाडी यायची साडेतीन ब्रासची, चलान चारचं, वरचं वाटून घ्यायची पद्धत, मी येण्याआधीपासूनची. मी नवा विश्वासी होतो, बाप्तिस्म्याला वर्ष पण झालं नव्हतं. गाडीच्या फाळक्यावर चढून टेप लावायचो आणि चलानवर जे भरलं तेच लिहायचो. लोक चर्चमध्ये साक्ष द्यायला, देवाने काय केलं ते सांगायला उभे राहतात तेव्हा पुढे लगेच प्रमोशन येतं, माझं तसं नाही झालं, तळोज्याच्या साइटवर टाकलं, घरापासून लांब, धूळ. पण तिथे ऑडिटवाले आले तेव्हा बाकीचे फायली लपवत होते आणि मी वडापाव खात होतो. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायची गरज नाही राहिली, हे मोठं आहे, करून बघा.

खारेगावचा_पाहुणा
तळोज्यात चांगला वडापाव कुठे मिळतो पण?

रेती_खडी_सिमेंट
नाहीच मिळत, तोच त्याग 😄

नाव_नको
सगळ्यांचं वाचतेय, छान आहे, पण मला हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. आम्ही ज्या ग्रुपमध्ये जायचो (नवी मुंबईतच, नाव घेत नाही) तिथे आज्ञापालन म्हणजे ब्रदर सांगतील ते. कुठला जॉब घ्यायचा, कुणाशी लग्न, आईकडे किती दिवस राहायचं. विचारलं की 'तुझ्यात बंडखोरीचा आत्मा आहे'. दशांशाचा (कमाईचा दहावा भाग द्यायचा असतो त्याचा) हिशोब बँकेच्या स्टेटमेंटसकट दाखवायचा. बाहेर पडले त्यालाही काळ लोटला. आता एका चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते, प्रभुभोजन घेते, कुणी नाव विचारायच्या आत निघते. तुम्ही म्हणता ते स्वातंत्र्य मला तिथून निघाल्यावर मिळालं, पाळून नाही.

ऐरोलीकरीण
ताई, बरं केलंत लिहिलंत. मागच्या बाकावर हवं तितकं बसा, कुणी उठवणार नाही.

निवृत्त_गुरुजी
नाव_नको यांना. तुम्ही केलंत ते आज्ञापालनच होतं. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आपल्याच पंडिता रमाबाई घ्या. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी पत्रातून जोरदार वाद, की चर्चने सांगितलं म्हणून मी मानणार नाही, एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही. देवाच्या वचनापुढे मात्र मान खाली. हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करते, दुष्काळात सापडलेल्या मुली-विधवा तिथे आणते, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणते. बंडखोर म्हणायचं तिला की आज्ञाधारक?

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ ला बाप्तिस्मा, मिशनच्या कामात बरीच वर्षं, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा स्वतःचा भक्तमेळा. दोन वर्षांत गेले बिचारे. पगार सोडणं सोपं नव्हतं त्या काळी, आत्ताही नाही. माझ्या पेन्शनचं तर विचारूच नका, फाइल कुठे अडकलीय देव जाणे.

मासुंदा_तलाव
गुरुजी पेन्शनच्या फाइलसाठी शुभेच्छा 🙏 आम्ही कॅथलिक, ठाण्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवाले. आमच्या फादरांकडे बघून मला हे कळलं थोडं. काही वर्षं झाली की बिशपांचं पत्र येतं, बदली. पॅरिशमधली माणसं रडतात, सह्या गोळा करतात, आणि फादर दोन बॅगा आणि पुस्तकांचे खोके टेम्पोत टाकून निघतात. आमचे एक फादर म्हणायचे मला पडद्याचं कापड निवडायचं टेन्शनच नाही. आमच्या घरी नवीन पडद्यांवरून महिनाभर वाद चालू होता तेव्हा!
विषय निघालाच आहे तर, ठाण्यातल्या किती लोकांना माहितीये की १३२१ मध्ये इथे चार ख्रिस्ती (फ्रान्सिस्कन) साधूंना मारलं होतं, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी? नंतर ओडोरिक नावाचा साधू येऊन त्यांच्या अस्थी घेऊन पार चीनपर्यंत गेला. तलावपाळीला भेळ खाताना हे सांगितलं की पोरं म्हणतात बाबा पुरे.

माळकरी_शेजारी
मी ख्रिस्ती नाही, ऐरोलीकरीणच्या बिल्डिंगमधला, आगाऊपणा माफ. आमच्यात माळ घातली की एकादशी, मटण-दारू बंद, खोटं बोलायचं नाही. वडिलांनी माळ घातल्यावर दारूवाले मित्र आग्रह करायचेच थांबले, माळ दाखवली की विषय संपला. आई म्हणते माळेने त्यांना नाही, मला मोकळं केलं.

निवृत्त_गुरुजी
आगाऊपणा कसला हो. टिळक स्वतः म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले.

दिघ्याची_पमी
ऐरोलीकरीण, पप्पांचं दुकान आहे का गं अजून? कळव्यात ब्लाउज धड शिवणारा कुणी उरला नाही, मुंढा हमखास चुकवतात

ऐरोलीकरीण
नाही गं, पप्पा गेले, खोली भाड्याने दिलीय, तिथे मोबाईल रिपेअर आहे आता. तो रविवारी पण उघडा असतो 😐 मशीन माझ्याकडे आहे.

रोहन_नेरुळ
ईस्टरआधीच्या उपवासकाळात रील्स बंद केले होते. पहिला आठवडा अंगठा आपोआप फिरायचा. नंतर ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघायला लागलो. ईस्टरला परत चालू केले, एवढंच. मोठी साक्ष नाही.

पाच_वाजताचा_चहा
मी उलटं लिहितो, रागावू नका. आई-बापाचा मान राख, ही आज्ञा. आई अंथरुणाला खिळून आहे, स्ट्रोक. मी एकटा मुलगा, लग्न नाही. दुबईची नोकरी आली होती, नाही म्हटलं. सकाळी पाचला उठून तिचं सगळं करतो, मग बाई येते, मग ऑफिस, संध्याकाळी परत. चर्चमध्ये सगळे म्हणतात तुला आशीर्वाद मिळेल. मला मोकळं वगैरे अजिबात वाटत नाही. अडकल्यासारखंच वाटतं. तरी सोडणार नाही. ती बोलू शकत नाही पण प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणते, तेवढा शब्द राहिलाय. मोकळं झालं तर येऊन सांगेन.

नाव_नको
हे वाचून पहिल्यांदा वाटलं की मी पण इथली आहे.

रेती_खडी_सिमेंट
भाऊ कुठे राहता? रविवारी दुपारी मी रिकामा असतो, येऊन बसेन दोन-तीन तास, तुम्ही बाहेर जा, झोपा, काहीही करा. खरंच म्हणतोय, मेसेज करा.

सुजाता_सिस्टर
पाच_वाजताचा_चहा, दर दोन तासांनी कूस बदलताय ना? पाठीला, माकडहाडाला लाल डाग दिसतोय का बघा, बोटाने दाबून सोडला तरी लालच राहिला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, तिथे चोळू अजिबात नका. एअर बेड आहे का? नसेल तर विकत घेऊ नका आधी, भाड्याने मिळतो.

पाच_वाजताचा_चहा
एअर बेड आहे पण त्याची मोटर रात्री घरघर करते म्हणून आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, बंद करून ठेवतो.

सुजाता_सिस्टर
बंद नको हो ठेवू! मोटर जमिनीवर ठेवलीय ना? खाली जाड टॉवेलची घडी घाला नाहीतर पलंगाच्या पायथ्याला हुकने टांगा, आवाज कमी होतो. फोटो पाठवा मला.