टेक्सन्सचा पहिला सीझन (२००२): डेव्हिड कारला बाकावर बसवायला हवं होतं का?

केटीचा काका
सीझन तोंडावर आला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर ८ सप्टेंबर २००२ चे उमाळे सुरू होतात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधली आपली नवी टीम टेक्सन्स, तिची पहिलीवहिली मॅच, समोर डॅलस काउबॉइज, आणि आपण १९-१० ने जिंकलो. पहिल्याच चढाईत आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य गडी) डेव्हिड कारने बिली मिलरला १९ यार्डांचा टचडाउन पास टाकला, थेट गुणरेषेपार. १९९६ चा सीझन उरकून ह्यूस्टनची जुनी टीम ऑइलर्स टेनेसीला निघून गेले होते. पाच सीझन उपाशी बसलेलं गाव त्या रात्री पोटभर जेवलं. मान्य.

पण माझ्या मते त्या रात्रीनेच घात केला. सीझन संपला ४-१२ वर (चार जिंकल्या, बारा हरल्या), आणि कार ७६ वेळा सॅक झाला. म्हणजे चेंडू हातातून सुटायच्या आत ७६ वेळा आडवा. आधीचा विक्रम क्वार्टरबॅक रँडल कनिंगहॅमचा, १९८६ चा, ७२. कारचा अजून कोणी मोडलेला नाही. पोरगं नुकतं कॉलेजातून आलेलं, ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिला नंबर, आणि सोळाच्या सोळा मॅच खेळवला. टोनी बँक्ससारखा मुरलेला क्वार्टरबॅक बाकावर बसून बघत होता. याला धोरण म्हणायचं की हट्ट?

चौथा डाऊन
काका, असहमत. निकाल ठाऊक असला की सगळेच शहाणे. नव्या टीमला खेळाडू मिळावेत म्हणून झालेल्या एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये बाकीच्या ३१ टीमनी प्रत्येकी पाच खेळाडू मांडले, म्हणजे वाण्याने दुकान आवरताना बाहेर काढून ठेवलेला माल. त्यातून टेक्सन्सनी सगळ्यात आधी उचलला टोनी बोसेली. त्या काळातला अव्वल लेफ्ट टॅकल, जॅक्सनव्हिलच्या टीमला सॅलरी कॅपमध्ये (पगाराच्या मर्यादेत) बसवता येत नव्हता म्हणून सुटला. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ तोच राखणार होता. खांद्याने दगा दिला आणि तो ह्यूस्टनसाठी एकही मॅच खेळला नाही. बेत चांगला होता, नशीब नव्हतं.

(गंमत बघा, १९९५ मध्ये जॅक्सनव्हिलने आपल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला तोही बोसेलीच. दोन नव्या टीमचा पहिला मान एकाच माणसाला, आणि दुसऱ्या ठिकाणी मैदानात पाऊल नाही.)

केटीचा काका
कसलं नशीब? २००१ मध्ये तो तीनच मॅच खेळला होता, खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. अशा खांद्यावर अख्खी टीम टेकवायची?
बरं, कोच डॉम केपर्सला नवी टीम नवी नव्हती. १९९५ मध्ये कॅरोलायना पँथर्सचा पहिला सीझनही त्याच्याच हातात होता. तिथे त्याने नवखा क्वार्टरबॅक केरी कॉलिन्सला तीन मॅच थांबवलं, मुरलेल्या फ्रँक राइकला पुढे केलं. शेवट ७-९.

निव्वळ आकडे
त्या तिन्ही मॅच राइक हरला. कॉलिन्स आल्यावर ७-६. काका, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतोय.
शिवाय पँथर्स तरले ते डिफेन्सवर. त्यांचा पहिला विजय जेट्सवर, त्यात छत्तिशीतला सॅम मिल्स इंटरसेप्शन घेऊन (समोरच्याचा पास मधेच झेलून) थेट टचडाउनपर्यंत पळाला होता.

वैतागवाडी
क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं पहिलं वर्ष, १९९८ आठवा. ३-१३, २८ इंटरसेप्शन. त्याला कोणी बसवलं? पहिल्या वर्षी मार खाऊनच क्वार्टरबॅक घडतो. आणि मालक बॉब मॅकनेअरने या टीमसाठी ७० कोटी डॉलर मोजले होते. तिकीट काढून लोक टोनी बँक्सला बघायला येणार होते होय?

केटीचा काका
अहो, मॅनिंगने चुका केल्या, मार नाही खाल्ला! सॅक २२. चुकलेल्या पासमधून माणूस शिकतो. दर मॅचला जवळजवळ पाच वेळा पाठीवर पडून काय शिकणार? रिसीव्हरकडे बघायचं सोडून अंगावर येणाऱ्याकडे बघायला. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीने पहिल्या नंबरच्या कार्सन पामरला अख्खा सीझन बसवलं होतं.

निव्वळ आकडे
मग २००३ मध्ये कारचे सॅक १५ वर कसे आले? चार मॅच हुकल्या होत्या, तरीही. आणि २००५ मध्ये पुन्हा ६८. ते त्याचं चौथं वर्ष. चेंडू धरून बसायची खोड त्याची स्वतःची होती. लाइनला (त्याला राखणाऱ्या पुढच्या फळीला) किती बोल लावणार?

केटीचा काका
खोड लागली कधी, ते विचारतोय मी.

चौथा डाऊन
इथे मी काकांकडे थोडा सरकतो. २००२ च्या डिसेंबरमधली पिट्सबर्गची मॅच आठवा. आपल्या ऑफेन्सने अख्ख्या मॅचमध्ये ४७ यार्ड काढले, सत्तेचाळीस, आणि आपण २४-६ ने जिंकलो. तिन्ही टचडाउन डिफेन्सचे, त्यातले दोन एकट्या ॲरन ग्लेनचे. डिफेन्स एवढा तयार असेल तर चेंडू न हरवणारा कोणीही चालला असता. पण समजा बँक्सने ४-१२ चं ६-१० केलं असतं. पुढच्या वर्षी कार कोराच उतरला असता ना?

केटीचा काका
कोरा म्हणा. मी धडधाकट म्हणेन.

वैतागवाडी
डॅलसच्या मॅचची कॅसेट आहे का कोणाकडे? कार चेंडू किती सेकंद धरतो ते घड्याळ लावून मोजू, म्हणजे लाइन की कार हा वाद तरी मिटेल.

केटीचा काका
कॅसेट आहे. व्हीसीआर कोण आणतंय?